चौसष्टावी रेघ

महिन्याचा दुसरा मंगळवार.
गोरच्या पुढे, डांबर संपून खडी सुरू होते
तिथल्या हॉलमध्ये आम्ही जमतो,
जुन्या विमानांवर जीव असलेले एकवीस जण,
त्यातले सात गुडघ्यांमुळे अनियमित.

नोलीन प्रॅटकडे वही, गल्ला आणि पितळी घंटी.
चाळीस मिनिटं झाली की ती वाजते,
वक्ता ढगांत असला तरी त्याला उतरावं लागतं.

सूचनेच्या शेवटी नेहमीचं वाक्य : येताना प्लेट आणा.
रोडेल पहिल्यांदा आला, गोठ्यावरून थेट,
तेव्हा खरोखरच प्लेट घेऊन आला,
रिकामी, घासलेली, फडक्यात गुंडाळलेली.
तेव्हा कुणी हसलं नाही. आम्ही घरी जाऊन हसलो.
नोलीननं तिच्यावर चीजचे स्कोन रचले
आणि म्हणाली, झाली की नाही आणलेली?
आता तो मनिलाच्या शेवया आणतो
आणि त्या सगळ्यांत आधी संपतात.

या मंगळवारी एक निवृत्त कॅप्टन येणार होते.
विषय : जेट युगाची पहाट, चित्रांसह.
सहा वाजता फोन आला, खिंडीत बर्फ पडलंय.
पडद्यावर प्रोजेक्टरचा निळा चौकोन,
सोडतीची तिकिटं खपलेली,
आणि वक्ता नाही.

नोलीननं दाराकडे पाहिलं.
तिथे आयव्हर टिनॉक खुर्च्या मोजत होता,
सोळा वर्षं मोजतोय तसाच.
तू बोल, ती म्हणाली.
मी कधी उडालोच नाही, तो म्हणाला.
पण उभा राहिला. हात कुठे ठेवावेत ते कळेना,
म्हणून समोरच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवले.

आम्ही डोंगरांना खत घालायचो.
वर लेन. खाली मी, लोडरवर.
विमान चढावर उतरायचं, वळायचं,
माझ्या बादलीखाली येऊन थरथरत थांबायचं.
एक टन भुकटी. अकरा सेकंद.
मग उतारावरून पळत सुटायचं
आणि कड्यावरून पडायचं. पडायचंच.
मग काहीतरी आठवल्यासारखं उडायचं.

चार मिनिटांनी परत.
तेवढ्यात बादली भरायची, अर्धी सिगारेट,
आणि लोडरच्या दारावर खडूची एक रेघ.
पाच पाच रेघांच्या जुड्या.
सहा हिवाळ्यांत आम्ही फार बोललो नसू.
अंगठा वर म्हणजे भर. तळहात म्हणजे पुरे.
चहाची तल्लफ आली की तो पंख हलवायचा.

इथे तो थांबला.
स्वयंपाकघरात किटली आपोआप बंद झाली, टक्.

रोडेलनं हात वर केला.
एका दिवसात किती फेऱ्या व्हायच्या, सर?
आयव्हरला आजवर कुणी सर म्हटलं नव्हतं.

त्या दिवशी? त्यानं विचारलं.
कुठल्या दिवशी, हे कुणी बोललंच नव्हतं.

त्रेसष्ट. रेघा चौसष्ट.
मी विमान गेलं की रेघ मारायचो. आल्यावर नाही.
बादली भरून वर धरली होती. इंजिन चालू.
अंधार पडल्यावर माणसं आली,
म्हणाली, आता ती खाली घे.

शेतमालकानं चौसष्ट फेऱ्यांचे पैसे चुकते केले.
पलीकडच्या घळीत एक पट्टा
चार वर्षं बाकीच्यापेक्षा हिरवा होता.
मेंढ्या नेमक्या तिथे जायच्या.

नोलीनचा हात घंटीवर होता,
वाजवायला की वाजू नये म्हणून, कोण जाणे.

मग सोडत निघाली.
मेंढीची तंगडी गुलाबी एकाहत्तरला.
चहा झाला. स्कोन कोरडे झालेत, आयव्हर म्हणाला,
आणि आणखी दोन घेतले.

नोलीनच्या वहीत :
उपस्थिती अठरा. वक्ते, आ. टिनॉक. विषय, भरणं.
हॉलचं भाडं दिलं.
पुढच्या महिन्यात सहल, जुन्या हँगरला.
लोकरीचे मोजे घाला. प्लेट आणा.

बाहेर गाड्यांच्या काचांवर हिम चढत होतं.
आम्ही ती खरवडत असताना
आत रोडेल खुर्च्या उचलू लागला, भराभर,
चार चार एकदम.

सावकाश, आयव्हर म्हणाला.
चार मिनिटं आहेत.