एक जून

आमच्या वर्गात बेचाळीस पोरं,
त्यातली एकतीस एक जूनला जन्मलेली.
चौगुले गुरुजींच्या वहीत
दुसरी तारीखच नव्हती म्हणा.

मी खरा नवरात्रातला, सातव्या माळेचा.
घटाचं धान वीतभर आलं होतं
आणि सुईण उपाशी होती,
एवढं आई अजून सांगते.

पण सहा पुरी झाल्याशिवाय पहिलीत घेत नाहीत.
बाबा चैत्रात गेले होते.
हुपरीत चांदीला मरण नसतं,
किलोवर मजुरी, पैंजणाला कड्या घालायची.
मांडीवर पोर असलं की कडी सुटते.
म्हणून ती शाळेत गेली आणि म्हणाली,
बसवा की गुरुजी यंदाच, पोरगं थोराड हाय.
गुरुजींनी पेन झटकलं.
चार महिने मी कागदावर
आधीच जगून घेतले.

त्याच पावसाळ्यात तिनं दाखले गोळा केले.
मृत्यूचा, रहिवासाचा, उत्पन्नाचा.
वर्षाला एकवीस हजारांच्या आत, असं तलाठ्यानं लिहिलं
तेव्हा त्याला खोटं लिहावं लागलं नाही.
यादीत नाव लागलं :
आक्काताई दिनकर शेटके, निराधार.
ती पोस्टात गेली की तसंच सांगायची,
निराधारचं आलंय का,
जसं दुसरी बाई विचारते, दूध आलंय का.
आधी सहाशे, मग हजार, मग पंधराशे.
त्यातून माझी दप्तरं, तिचा चष्मा,
एकदा एक कुकर.

या जूनला मेसेज आला नाही.
जुलैलाही नाही.
हातकणंगल्याला आम्ही दोघं गेलो, एसटीनं,
ती खिडकीला, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी,
पिशवीत तिचं सगळं असणं, झेरॉक्ससकट.

तहसीलमधला पोरगा माझ्याच वयाचा.
त्यानं स्क्रीन बघितला आणि हसला, चांगलं हसला.
मावशी, मुलगा पंचविशीचा झाला की तुमचा.
नियमात बसत न्हाई आता. तुम्ही निराधार न्हाई.
आई म्हणाली, मग कोण मी?
त्यानं पुन्हा स्क्रीन बघितला.
तिथं तो रकाना नव्हता.

मी सांगणार होतो
की कागलच्या फौंड्रीत मी हेल्पर होतो,
कॉन्ट्रॅक्टरनं मार्चपासून ब्रेक दिलाय,
आयटीआयचं सर्टिफिकेट लॅमिनेट केलेलं आहे.
पण मागं रांग होती,
आणि एका माणसाला कुबडी टेकायला जागा हवी होती.

परतीच्या गाडीत ती बोटांवर काहीतरी मोजत होती.
जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर.
पंधरा चोक साठ.
सहा हजार, ती म्हणाली,
गुरुजींच्या एका रेघेत गेलं बघ.
मला वाटलं आता शिव्या देणार.
इचलकरंजी फाटा गेला, उसाच्या ट्रॉल्या ठेवायचं पटांगण गेलं.
मग म्हणाली,
अक्षर मात्र सुरेख होतं हं त्यांचं.

आज सातवी माळ.
घटातलं धान वीतभर आलंय.
सकाळी तिनं मला ओवाळलं, गूळ हातावर ठेवला,
आणि म्हणाली, आता झालास तू पंचवीस.
आता बंद केलं असतं तर
माझं काय म्हणणं न्हवतं.

मग ती कामाला बसली.
शेठची चांदी, शेठचा तराजू,
घरातली धूळसुद्धा झाडून शेठला द्यायची.
चष्म्याच्या काचेला डाग, गॅसची निळी जीभ,
आणि हात अलीकडे जरा कापतो.
मी नुसताच बसलो होतो दारात,
फोनमध्ये भरतीच्या जाहिराती सरकवत,
सरकारी यादीप्रमाणे कुणाचा तरी आधार.

ये हिकडं, ती म्हणाली.
पैंजणाचं एक टोक माझ्या चिमट्यात दिलं.
धर असं.
हालू नगंस.