एक त

पोर्वेनीरची बोट वाऱ्यामुळे सुटत नाही
तेव्हा इस्मेनिया तिकिटाची खिडकी अर्धी ओढून घेते
आणि कादंबरीचा एखादा खंड काढते.
पाठीला चिकटपट्टी, कोपरे लोकरीसारखे मऊ.
पुंता अरेनासमध्ये हे पुस्तक कुणी संपवत नाही,
नुसतं भांडत राहतात त्यावरून.

भांडण ऑरेलीनावरून.
मेंढ्या कातरणाऱ्याची थोरली लेक.
सोळाव्या वर्षी तिला मुलगा झाला,
आणि सुईण दाराबाहेर पडायच्या आत
तिच्या आईनं तो आपल्या शालीखाली घेतला.
गावाला सांगितलं, उतारवयातलं शेंडेफळ.
तेव्हापासून इलारियो आजीला आई म्हणतो
आणि आईला ताई.

धक्क्यावर दोर आवळणारा येर्को म्हणतो, खोटारडी आहे ती.
पंधरा वर्षं एका टेबलावर जेवली,
चकार शब्द काढला नाही.
बोलताना त्याच्या हातातला चहा हिंदकळतो.
त्याच्या घरी काय झालं, आम्ही विचारत नाही.
बेकरीतली क्लोदोमिरा म्हणते, खरी गुन्हेगार आजी,
आणि पाव मोजता मोजता म्हणते,
बिचारी, तिनं तरी काय करायचं होतं.

इस्मेनिया कुणाची बाजू घेत नाही.
तिसऱ्या खंडातलं एक पान उघडते.
शाळेच्या पहिल्या दिवसासाठी
ऑरेलीना पोराचा सदरा इस्त्री करते आहे.
कॉलर झाली, बाह्या झाल्या,
तरी इस्त्री खाली ठेवत नाही.
तिथे एवढंच लिहिलंय: खोलीत ऊब होती.
"बघ, एवढ्यात भागवलं त्यानं," इस्मेनिया म्हणते.
"मी असते तर तिला पानभर रडवलं असतं."

तुझ्या घरी होतं का असलं काही?
ती हसली.
"माझी आई दर रविवारी चारला फोन करते.
बटाट्याचा भाव सांगते, गुडघा सांगते, ठेवून देते.
आमच्यात लपवण्यासारखं काही नाही.
सांगण्यासारखंही."
मग या कागदाच्या बाईसाठी का जीव टाकतेस?
तिनं काच पुसली, आतून, जिथे धूळ नव्हती.
"आमच्या घरात जागाच नव्हती
एवढी मोठी गोष्ट ठेवायला."

मी म्हटलं, तुमच्या भाषेत आई आणि बहीण
यांचे शब्द एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत.
माझ्या भाषेत ही ताई, ती आई.
त काढला की आईच उरते.

तिनं दोन्ही म्हणून पाहिले, हळू.
दुसऱ्या शब्दाला जीभ दातांना लागलीच नाही.
"म्हणजे सात खंड," ती म्हणाली,
"ते पोर नुसती जीभ उचलतंय?"

मग म्हणाली, लिहून दाखव.
माझ्या तिकिटामागे मी त काढला.
बाहेर चौकात माणसं बांधलेल्या दोराला धरून
एकेक पाऊल टाकत होती,
कुणाची तरी टोपी समुद्राकडे निघाली होती.
"ही बाई आहे," ती म्हणाली,
"खांबाला धरून उभी. वारा ओढतोय तिला."
मी पाहिलं. खरंच.
पाटीवर गिरवला, वह्यांत गिरवला,
मला कधी बाई दिसली नव्हती.

आठवा खंड येणार येणार म्हणतात.
येर्को पैज लावून बसलाय:
पोराला सगळं कळणार, तो घर सोडणार.
इस्मेनिया मान हलवते.
"त्याला केव्हाच माहीत आहे.
तेच पान उलट. शाळेतून येतो, जेवतो,
आणि सदरा न काढता झोपतो."

इतक्यात भोंगा झाला.
माझं तिकीट तिनं त्या पानात ठेवलं,
खंड मिटला, खिडकी पूर्ण उघडली.
मला दुसरं काढावं लागलं.
त्याचे पैसे तिनं मोजून घेतले.