साबणाचं पाणी

टाकी जरा कलती धरून फिरवली, की
पारोळ्याच्या कोकिळाबाई आतून ओरडतात,
"उभी धर रे हिलाल, ते काय लाकूड शे का?"

मी काट्याला लावतो.
गळ्याजवळ कोरलेलं रिकामं वजन,
वर चौदा किलो दोनशे ग्रॅम. जमलं.
पट्टीवर बी-सत्तावीस, म्हणजे
त्या सालच्या जूनपर्यंत हिला चिंता नाही.
आत डुचमळतं ते पाणीच म्हणा;
वर थोडी जागा मोकळी सोडलेली,
उन्हाने फुगायला.
आणि आमचा मे तर तुम्हाला ठाऊकच.

"वास गॅसचा नसतो, बाई.
मागून घालतात. कळावं म्हणून."
"माले कोठे कळस?"

मागच्या तापात नाक गेलं त्यांचं.
भरताची वांगी पऱ्हाटीवर करपली
तरी शेजारीण सांगेपर्यंत पत्ता नाही.

म्हणून वाटीत साबण कालवतात,
टाकीच्या तोंडाशी बोट फिरवतात,
चष्मा पुसून वाकतात, खाली, फरशीपर्यंत,
कारण तो जड, खालीच बसतो.

बुडबुडा आला नाही.
वायसर नवाच होता.

सही घेऊन मी जिन्यात वळून पाहिलं:
त्या पुन्हा साबण लावत होत्या.