ट्यूबलाइटची रेष

सोन्या मारुती चौकाच्या अलीकडे, जिन्याखाली
माझं दुकान. आत दोन माणसं बसली
तर तिसऱ्यानं घड्याळ बाहेरूनच द्यायचं.

त्यानं ते रुमालातून काढलं.
धोंडप्पा कोळेकर, राहणार गोकुळनगर,
धंदा ग्रॅनाइट पॉलिश.
बाणेरच्या फ्लॅटची फरशी आरशासारखी झाली म्हणून
मालकानं मनगटावरचं उतरवून दिलेलं.
"ह्याला ओरखडा उठत नाही म्हणाले होते, ताई."
आणि काचेवर आडव्या चार रेघा,
नवाच्या आकड्यापाशी, अगदी कडेला,
तिळाएवढा टवका.

खोटं नव्हते बोलले ते.
ही नीलमाची काच. नीलम नावाला, रंग पाण्याचा.
किल्ली, कडी, बसचा दांडा, काही लागत नाही तिला.
उलट त्यांचंच थोडं लोखंड हिच्यावर राहतं
आणि लोकांना वाटतं, काच गेली.
एक रेघ तशीच निघाली, खोडरबरानं पुसली.
उरलेल्या तीन मात्र खऱ्या.
"हातात काय असतं कामाला?"
"डायमंड पॅड."
मग झालं की.

नानांच्या वेळी सोपं होतं.
एचएमटीची प्लास्टिकची काच,
बोटावर हरभऱ्याएवढी टूथपेस्ट, धोतराचा सोगा,
चहा येईपर्यंत काच नवी.
दुकानाला पुदिन्याचा वास यायचा.
माझ्याकडे हिरा येतो सिरिंजमधून,
करड्या लोण्यासारखा,
आणि नंबर उतरत जातात: सहा, तीन, एक, अर्धा.
काट्यानं काटा, दुसरं काय.

काच काढली, लाखेनं ठोकळ्यावर बसवली,
मोटरच्या टोकाला लाकडी बोंड लावून
रेघांवरच घासत राहिले, तास, दीड तास.
तो गेला नाही. स्टुलावर बसून बघत राहिला,
दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात आपण बघतो तसा,
मीठ कधी पडतंय ते.

रेघा गेल्या. मी काच पुसून पुढं केली.
त्यानं आधी हात पँटला पुसले,
मग ती डोळ्याच्या पातळीला तिरपी धरून
ट्यूबलाइटखाली हळू फिरवली.
"लाट आली, ताई."
"कुठं?"
"ट्यूब बघा ना. मधे येऊन पोट काढते."

सव्वीस वर्षं मी काचेतून खाली बघते.
काटे, तारीख, स्प्रिंगचा श्वास.
काचेवर काय पडलंय ते बघितलंच नव्हतं.
पांढरी रेष, सरळ, सरळ,
आणि माझ्या दीड तासापाशी वाकलेली.

"डागावरच घासलं की खड्डा पडतो," तो म्हणाला,
बढाई न मारता, भाव सांगावा तसं.
"पोरांना पहिलं हेच शिकवतो आम्ही.
डाग विसरायचा. अख्खी फरशी घ्यायची."

अख्खी घेतली.
सपाट पाट्यावर, सहापासून पुन्हा,
इंग्रजी आठाचा आकडा काढत कडेपासून कडेपर्यंत.
तो मधूनच "पाणी मारा" म्हणायचा,
मी "तेल" म्हणायचे, तो "बरं, तेल."
समोरच्या बोहऱ्यानं शटर ओढलं.
शेवटच्या अर्ध्या नंबरला दोघंही बोललो नाही.

टवका राहिला. तो घासून जात नाही,
काच बदलायची तर बावीसशे.
तो हसला. "कडेचा टवका आम्ही
फ्रिजखाली जाईल असा लावतो."
पट्टा बांधला, शर्टाची बाही नवापर्यंत ओढून घेतली.

पैसे मी कमी सांगितले,
त्यानं जास्त ठेवले,
त्यावरून थोडं वाजलं आमचं. मग तो गेला.

कुलूप लावताना आठवलं:
घड्याळ सात मिनिटं मागं होतं.
तो आला तेव्हाच बघितलं होतं मी.