रवंथ मोजताना

फॅट दोन-आठ.
संकलन केंद्रावर मशीननं तीनदा तेच सांगितलं
आणि गाजऱ्यांच्या संदीपनं चौथ्यांदा नळी धुतली,
दोष नळीचाच असावा अशी माझ्यावर मेहेरबानी करत.
मागं रांगेत कुणीतरी म्हटलं, पाणी घातलं का वहिनी?
मी किटली उचलली. हसले. हसावं लागतं.

पाणी नव्हतं घातलं.
भरडा घातला होता.
ऑक्टोबरात बांगडी व्याली आणि दुधाचा आकडा
चौदा, सोळा, अठरा असा चढत गेला,
तशी मीही पाटीत ओंजळ वाढवत गेले.
मक्याचा भरडा, सरकी, वर गुळाचं पाणी,
बाळंतिणीला डिंकाचे लाडू भरवावेत तशी.
कडबा येवल्याहून यायचा, भाडं परवडेना,
म्हणून उसाचं वाढं जरासं, तेही कुट्टी करून, इतकं बारीक
की दाताला कामच उरलं नाही.

गांगुर्डे डॉक्टर आले. सुई काढलीच नाही.
बुटाच्या टोकानं शेण पसरलं, बॅटरी मारली,
मक्याचे कण तसेच, पिवळे, अख्खे.
म्हणाले, रात्री बसा हिच्याजवळ.
एक घास वर आला की खाली जाईस्तोवर
जबडा किती वेळा फिरतो ते मोजा.
पन्नासच्या फार खाली असेल
तर औषध माझ्याकडं नाही ताई, तुमच्या पाटीत आहे.

निफाडची थंडी म्हणजे कानशिलाला लावलेला विळा.
पलीकडच्या बागेत द्राक्षांना ऊब म्हणून
शेकोट्या पेटवलेल्या, धूर वेलींच्या बुंध्याशी लोळतोय.
उसात बिबट्या फिरतो, म्हणून गोठ्याचं दार लोटून घेतलं,
गोणपाट पांघरलं, बोटांची पेरं धरून बसले.
तीस, आणि थांबली.
पुन्हा एकतीस. मग अठ्ठावीस.
गोळा मानेतून खाली जाताना दिसतो,
अंधारात जिन्यावरून कुणी अनवाणी उतरावं तसा.

सकाळी ह्यांना न विचारता
बचतगटाच्या पैशातून कडबा मागवला, छोटा हत्ती भरून.
भरडा निम्मा. मूठभर खाण्याचा सोडा.
कुट्टी बोटभर लांब.
दूध तीन लिटरनं उतरलं.
हे दोन दिवस बोलले नाहीत,
तिसऱ्या दिवशी बोलले, ते न बोलते तर बरं होतं.

भरड्याच्या हिशोबाच्या वहीत मागून पानं उलटी धरली:
सोमवार, एकतीस.
मंगळवार, चौतीस.
गुरुवार, एक्केचाळीस, मध्ये कुत्रं भुंकलं,
कान टवकारून ती थांबली, ते धरलं नाही.
शनिवारी फॅट तीन-एक.
संदीप काही बोलला नाही, नळी एकदाच धुतली.

अकराव्या रात्री तिच्या श्वासाला
वाळल्या ज्वारीचा वास होता.
चव्वेचाळीस, पंचेचाळीस,
संध्याकाळची भाकरी मी उभ्यानंच गिळली होती,
किती वेळा चावली कुणास ठाऊक,
पन्नास, एक्कावन्न,
डोळे अर्धे मिटलेले तिचे, जबडा डावीकडं झुकलेला,
छप्पन्न, सत्तावन्न.

मग बहुधा डुलकी लागली मला.
जाग आली तेव्हा शेकोट्यांची राख झाली होती
आणि बांगडी अजून चावत होती,
कितव्या आकड्यावर, ते तिलाच माहीत.
वहीत त्या रकान्यात मी नुसती रेघ ओढली
आणि धारेला बसले.