प्रयोग ओळखा

मेमो मधल्या सुट्टीत आला.
शिपाई काळसेकर म्हणाला, बाई, सही करा,
आणि सही होईपर्यंत बघत राहिला खिडकीबाहेर,
कन्नमवार नगरातल्या नव्या टॉवरच्या
भिंती नसलेल्या मजल्यांकडे.

'आपण तोंडी परीक्षेचे गुण वाढवण्यासाठी
पालकांकडून पैसे घेतल्याचे निदर्शनास आले आहे.
असे समजते की ही बाब पूर्वीपासून सुरू आहे.
सात दिवसांत लेखी खुलासा करावा.'

सव्वीस वर्षं व्याकरण शिकवते मी.
हात कापत होता, तरी डोळ्यांनी आधी कर्ता शोधला.
कुणाच्या निदर्शनास? कुणाला समजते?
उजाडते, सांजावते, मळमळते,
तसंच यांचं समजते.
फळ्यावर असतं तर पोरांनी हात वर केले असते:
बाई, भावकर्तृक!

कर्ता मला माहीत होता.
जूनमध्ये पोषण आहाराच्या वहीत
त्याने मला बासष्ट लिहायला सांगितलं.
आठवी ब मध्ये सत्तेचाळीस ताटं होती.
मी सत्तेचाळीस लिहिलं.
एवढंच.
त्यानंतर माझं वेळापत्रक बदललं गेलं,
खुर्ची हलवली गेली,
कपाटाची किल्ली हरवली गेली.

वालावलकर मॅडम आता
डबा माझ्याशेजारी उघडण्याआधी दाराकडे बघतात.
वाईट नाहीत त्या.
दोन वर्षं राहिलीत पेन्शनला.

रात्री मी चार पानं लिहिली.
शिव्या सोडून सगळं होतं त्यांत.
परळला, संघटनेच्या ऑफिसात, धुरी सरांनी ती वाचली,
चष्मा पुसला, पानं परत दिली.
रागाने लिहू नका बाई, तारखेने लिहा.
आणि पोच मिळाल्याशिवाय काउंटर सोडू नका.

म्हणून ही दोनशेपानी वही.
वीस जून, सकाळी दहा चाळीस, मुख्याध्यापकांची केबिन,
हजर: क्लार्क बाविस्कर.
ते काय म्हणाले. मी काय म्हणाले.
तिसऱ्या पानावर लक्षात आलं,
मी रडणंसुद्धा वेळेसकट लिहितेय:
तीन पाच ते तीन वीस, मुलींचं स्वच्छतागृह.
साक्षीदार नाही.

मग खुलासा.
मी पैसे घेतले नाहीत.
लिहिलं आणि खटकलं.
मी आहे त्यात, पण क्रियापद
पैशांच्या मागे मागे चालतंय.
हाही कर्मणीच!
म्हणजे ऐन वेळी भाषेनेसुद्धा
त्यांची बाजू घ्यावी?
खोडलं. खाली लिहिलं:
मी पैसे घेत नाही.
आता वाक्य माझं ऐकत होतं.
पुढे गुणपत्रकांच्या प्रती,
तक्रारीची प्रत मिळावी,
तक्रारदाराचे नाव कळावे, ही विनंती.

बाविस्कर म्हणाला, ठेवून जा.
पोच द्या.
शिक्का सापडत नाहीये, मॅडम.
थांबते की.
बाकावर बसून दहावीचे निबंध तपासायला घेतले,
विषय: आरसा नसता तर.
एकविसाव्या निबंधाला
शिक्का त्याच्याच खणात सापडला.

चेंबूरच्या ऑफिसातून अजून कुणी आलेलं नाही.
चौकशी प्रस्तावित आहे, म्हणे.
म्हणजे पुन्हा तेच. कोण प्रस्तावणार, ते नाही.

काल आठवी ब ला प्रयोग शिकवले.
उदाहरण मागितलं तर मागच्या बाकावरची अल्फिया उठली:
बाई, तुमच्यावर आळ घेतला गेला.

पंख्याचा आवाज तेवढा.

बरोबर, मी म्हटलं. कर्मणी.
आता हेच कर्तरी कर.
तिने ओठ उघडले, दाराकडे पाहिलं.
बस खाली, म्हटलं,
तो माझा गृहपाठ आहे.

तास संपल्यावर वहीत नोंद केली:
अकरा दहा. आठवी ब.
हजर चव्वेचाळीस.