जाऊन राहिलो

विजेच्या बिलाच्या पाठीवर
मृणालीनं मधोमध रेघ ओढली.
इकडे नागपूर, तिकडे पुणे.

पगार तिकडे दीडपट. भाडं दुप्पट,
अन् गॅलरीत एक खुर्ची मावेल, बस.
उन्हाळ्याचं काही लिहिलंच नाही.
कूलर विकावा लागेल, एवढंच ती म्हणाली
आणि ओल्या वाळ्याचा वास घेत
दोघंही गप्प.

पोहेवाला मला पाहून तर्रीची दुसरी पळी ओततो,
ठवकर काकूंकडून पाटोडीचा डबा येतो,
हे कोणत्या बाजूला लिहायचं,
अन् किती मार्कांचं?

परवा फोनवर मुलाखत झाली.
"सध्या काय करता?"
"बुटीबोरीत मशिनी दुरुस्त करून राहिलो."
"कुठे राहिलात?"
तिकडची बाई हसली. वाईट नाही, जराशीच.
मी दुरुस्त केलं: करतोय.

बेरीज पुण्याकडे झुकली.

आज सकाळी कूलर पाहायला माणूस आला.
"चांगला तर आहे. काऊन विकून राहिले भाऊ?"
"पुण्याला जाऊन राहिलो."

तो बोटानं पातं फिरवत होता.
माझ्याच वाक्याचा शेवट
मला पहिल्यांदा ऐकू आला.